वाडीसाठी चेनसॉ: मधली घेऊ की थेट प्रोफेशनल?

आगरातला
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात घर आहे. मागे नारळ-पोफळीचं आगर, वर सड्याला हापूसची जुनी कलमं आणि कडेने काजू. कलमं इतकी उंच गेलीत की फवारा शेंड्याला पोचत नाही आणि आंबे काढायला वर चढणारा माणूस मिळत नाही. म्हणून दरवर्षी थोडी थोडी छाटून खाली आणायची ठरवलंय. शिवाय पावसात एखादा माड नाहीतर फणसाची फांदी आडवी होतेच. आमच्या न्हाणीत अजून बंब पेटतो, त्यामुळे जळाऊ लाकूडही लागतं.

आतापर्यंत कोयता, कुऱ्हाड आणि कटरवाला (मशीन घेऊन येऊन झाडं कापून देणारा) यांच्यावर भागलं. आता स्वतःची चेनसॉ घ्यायची आहे. चिपळूणला दुकानात दोन दाखवल्या. एक ४५ सीसीची, दुसरी ५० सीसीची. दुसरीला तो 'प्रोफेशनल' म्हणतो. दिसायला दोघी सारख्याच, भावात मात्र एवढा फरक की वरच्या पैशात चांगला ग्रासकटर येईल. हा फरक नेमका कशाचा, आणि माझ्यासारख्याने तो मोजावा का?

'कटरवाल्याला बोलाव आणि गप्प बस' हा सल्ला घरातून फुकट मिळाला आहे. तो सोडून बोला.

देवगडचो_झील
कटरवाल्याक बोलव आनि गप रव.

आगरातला
पहिलाच प्रतिसाद. धन्य आहे.

यंत्रवेडा
सीसीच्या मागे लागू नका, किलोवॅट आणि वजन बघा. स्टिल (Stihl) कंपनीचंच उदाहरण घेऊ, कारण तुम्हाला दाखवलेल्या बहुतेक त्याच असाव्यात. एमएस २५० म्हणजे ४५.४ सीसी, २.३ किलोवॅट, ४.६ किलो. एमएस २६१ म्हणजे ५०.२ सीसी, ३ किलोवॅट, ४.९ किलो. (वजनं बार म्हणजे चेन फिरते ती पट्टी, चेन आणि पेट्रोल सोडून.) तीनशे ग्रॅम जास्त उचलले की जवळजवळ तीस टक्के जास्त ताकद हातात येते.

खरी मजा पुढे आहे. त्यांचीच एमएस २७१ घ्या. तीही ५०.२ सीसी, पण २.६ किलोवॅट आणि वजन ५.६ किलो. म्हणजे प्रोफेशनल मशीन त्याच सीसीच्या मधल्या मशीनपेक्षा हलकी आणि तरी जास्त जोराची. लोकांना वाटतं मोठ्या कामाची म्हणजे जड. तसं नसतं.

पैसे जातात ते आतल्या बांधणीत. वरच्या वर्गात क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) मॅग्नेशियमची, उभी दोन भागांत. सिलेंडर काढायचा तर चार स्क्रू सोडवून जागेवरच निघतो. मधल्या वर्गात इंजिनाचा खालचा भाग झाकणासारखा असतो आणि अख्खं इंजिन प्लास्टिकच्या अंगात बसवलेलं असतं. सिलेंडर-पिस्टन बघायचं तर आधी इंजिनच बाहेर काढा. शिवाय वरच्या वर्गात हँडलची थरथर शोषायला पोलादी स्प्रिंगा असतात, मधल्यात बहुधा रबरी गुटके. दिवसभर चालवणाऱ्याच्या बोटांना हा फरक कळतो. एअर फिल्टरही वरच्या वर्गात मोठा आणि जास्त काळ न चोंदणारा.

आता हे सगळं तुम्हाला हवंय का, ते तुम्ही ठरवा. मी असतो तर वरची घेतली असती.

देवगडचो_झील
पुण्यात बसान फणस तोडूक बरा जमता तुका.

यंत्रवेडा
झिलभाऊ, सासुरवाडी राजापूरची आहे. तिथे दर मे महिन्यात राबतो.

कटरवाला_बंड्या
हा धागा आमच्या पोटावर पाय देणारा आहे, तरी खरं ते सांगतो. माझा रोजचा धंदा हाच. माझ्याकडे दोन मशीन आहेत, मोठ्या बुंध्याला ७२ सीसीची एमएस ३८२ आणि फांद्यांना छोटी. दोन्ही घासून गुळगुळीत झाल्या, चालतायत.

वरच्या दादांनी सांगितलं ते कागदावर बरोबर आहे. पण लाकूड कापते ती चेन, इंजिन नाही. धार असली तर ४५ सीसी आंब्यात सरसर उतरते. धार नसली तर माझी ७२ सीसीसुद्धा नुसती धूर काढते. जाड चुरा पडला तर धार आहे. पीठ पडायला लागलं की थांबायचं, कानस काढायची. आमच्याकडे लोक उलटं करतात, पीठ पडायला लागलं की मशीनवर वजन टाकतात. तिथे बार वाकडा होतो, क्लच जळतो, आणि मग 'मशीन हलकी निघाली' म्हणतात.

आता आपल्या झाडांचं. आंबा, फणस, शिवण मऊ. काजू ठीक. सुरू आणि किंजळ दमवतात. खैराचं तर विचारूच नका. पण धारेचा सगळ्यात मोठा शत्रू माड. बाहेरची साल-कवच दगडासारखं घट्ट, बुंध्याकडे तर जास्तच, आणि त्या तंतूंमध्ये बारीक सिलिका असते, ती पोलाद खाते. दोन-तीन माडांचे तुकडे केले की चेन उतरवायचीच. त्यात माड पडलेला असतो चिऱ्याच्या गडग्यावर. टोक एकदा जांभ्याला लागलं की अख्खी चेन गेली. ओंडक्याखाली आधी लाकडाचा ठोकळा सरकवा, मग कापा. पुळणीजवळचं सुरूचं झाड असेल तर सालीत वाळू बसलेली असते. तिथली साल आधी कोयत्याने तासून टाका.

म्हणून आगरातला दादा, दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. चेन फुल चिझल (दात्याचा कोपरा टोकदार) आहे की सेमी चिझल (कोपरा गोलसर)? माडाला आणि मातकट लाकडाला सेमी चिझलच बरी, थोडी हळू कापते पण धार टिकते. आणि कानस कुठल्या मापाची? ती चेनच्या पिचवर, म्हणजे कड्यांच्या इंचातल्या मापावर ठरते. ३/८ लो-प्रोफाइलला ४ मिमी, .३२५ ला ४.८, साध्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५. चुकीची कानस घेतली तर घासूनही धार येणार नाही.

चुलाण
माझ्या मेहुण्याने ऑनलाइन बघून '५८ सीसी' लिहिलेली मशीन मागवली, दोन्हीच्या निम्म्याहून कमी किमतीत. पहिला हंगाम बरी चालली. मग स्टार्टरची कप्पी तुटली. ती कुठे मिळेल ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. आता ती पडवीत टांगलेली आहे. कोणी पाहुणा आला की 'चालते का हो?' म्हणून विचारतो.

सडेकर
पाच-सहा वर्षं मधली चालवतोय, रत्नागिरीजवळ. तक्रार नाही. पण माझं काम हापूसच्या छाटणीचं आहे म्हणून मशीनपेक्षा कापाबद्दल लिहितो, कारण धागाकर्त्यांनी कलमं छाटायची म्हटलंय.

जाड फांदी वरून सरळ कापायला गेलात की अर्ध्यात आली की स्वतःच्या वजनाने कडाडून खाली येते आणि बुंध्याची साल लांबपर्यंत सोलून नेते. आधी बुंध्यापासून हातभर बाहेर खालून काप घ्यायचा, फांदीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका. मग त्याच्या थोडं पुढून वरून कापायचं. फांदी पडली की उरलेला खुंट निवांत नीट कापा. जखमेवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी. मोरचूद लोखंडी भांड्यात नको, प्लास्टिकच्या बादलीत भिजवा. जखम उघडी राहिली तर खोडकिडा आलाच म्हणून समजा. आणि सगळं झाड एका वर्षात बोडकं करू नका. इतकी वर्षं सावलीत असलेल्या सालीला ऊन सोसत नाही.

या कामात मशीन खांद्याच्या वर जाते, ते टाळा, आणि शिडीवर उभं राहून तर अजिबात नको. उंच फांद्यांना लांब दांड्याची करवत घ्या. वजन इथे किलोवॅटपेक्षा जास्त मोजलं जातं. त्यामुळे बंड्याभाऊंना प्लस वन.

केळशीकरीण
भाड्याने कटरवाला आणा म्हणणाऱ्यांसाठी लिहिते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर चढलं, पण दापोली-मंडणगडची किनारपट्टीही झोडपून गेलं. आमच्या आगरात पोफळी एकावर एक आडव्या, मधे चार-पाच माड, आणि घराच्या दारातून पाखाडीपर्यंत जायला वाट नाही. रस्त्यावरची झाडं एनडीआरएफच्या जवानांनी आणि गावातल्या पोरांनी मिळून तोडली, पण प्रत्येकाच्या वाडीत कोण येणार? कटरवाल्यांचे फोन लागत नव्हते, कारण टॉवरच बंद. लागला असता तरी तालुक्यात एकेका मशीनमागे शंभर घरं उभी होती. घाटावरून लोक मशीन घेऊन आले तेव्हा कुठे गाडा हलला.

त्यानंतर ह्यांनी मशीन घेतली. मधलीच. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने वर सरकलं तेव्हा आमच्या आळीतली वाट संध्याकाळपर्यंत मोकळी होती.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवा. पडलेलं झाड मुळांसकट उपटलं असेल तर मागच्या मुळांच्या गड्ड्याजवळ कोणाला उभं राहू देऊ नका. बुंधा कापून वजन सुटलं की गड्डा दणकन खड्ड्यात परत बसतो. आमच्या शेजारच्या आगरात त्या खड्ड्यात पोरं खेळत होती. नशीब, कोणीतरी वेळेत हाकललं.

पाखाडी_नं_३
केळशीकरीणताई, पंचनाम्याच्या आधी कापलंत की नंतर? आमच्याकडे तलाठी म्हणाले झाडं हलवू नका. तोवर दारातच माड. घरात आजारी माणूस.

केळशीकरीण
मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढले, बुंध्यावर आकडे घातले आणि वाट अडवणारी तेवढी कापली. बाकीची पंचनाम्यापर्यंत तशीच. सगळं झाडून कापलं असतं तर भरपाईला काय दाखवणार होतो?

निवृत्त_वनपाल
कापायची चर्चा जोरात आहे म्हणून थोडं रुक्ष लिहितो. झाड आपल्या सातबाऱ्यातलं असलं तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, बिवळा, चिंच, जांभूळ यांच्याबरोबर आंबा आणि फणसही आहेत. ही झाडं तोडायची तर आधी वनक्षेत्रपाल कार्यालयात अर्ज करायचा. काजू, नारळ, पोफळ यादीत नाहीत. लाकूड गाडीत भरून बाहेर न्यायचं असेल तर वाहतूक परवान्याची चौकशी वेगळी करा. खाडीकडेच्या तिवरांना तर मशीन लावायचा विचारही करू नका.

देवगडचो_झील
वनपालकाका, आमच्या आज्यान आपल्यासाठी एक आंबो राखून ठेवल्यान होतो, 'मी गेलंय की ह्योच कापा' म्हणान. तौक्तेत आंबो पडलो. आजो अजून चाय-भाकरी खाता आनि रोज इचारता, 'माझो आंबो खय गेलो?'

चुलाण
झील, तू धागा काढ रे आजोबांवर.

परिचारिका
मी ग्रामीण रुग्णालयात नोकरीला होते. चेनसॉच्या जखमा बघितल्यात म्हणून विचारते: एवढे प्रतिसाद आले, पायात काय घालणार हे कोणी लिहिलंय का? आपल्याकडे हाफ पँट आणि स्लिपर. जखम बहुतेकदा डाव्या मांडीला नाहीतर गुडघ्याला. कोयत्यासारखा सरळ काप नसतो तो. मांस ओरबाडलेलं असतं, टाके घालायला धड कडा मिळत नाही.

कटरवाला_बंड्या
ताईंचं शंभर टक्के खरं. बारच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की मशीन उसळून तोंडाकडे येते. आवरायला वेळच मिळत नाही. म्हणून पुढच्या हँडलखालून अंगठा वळवून धरायचा आणि चेन ब्रेक रोज तपासायचा. पायाला चॅप्स, म्हणजे पँटवर बांधायचं जाड आवरण, मिळतात. आतमध्ये लांब तंतूंचे थर असतात, चेन लागली की ते तंतू बाहेर येऊन दात्यांच्या चक्रात गुंततात आणि चेन जागच्या जागी थांबते. मे महिन्यात घामाने आंघोळ होते, खोटं कशाला बोलू. तरी घालतो. हेल्मेट, जाळी आणि कानावरचे मफ एकत्र मिळतात, तेही घ्या.

सडेकर
वाकलेल्या फांदीचं पण सांगा की बंड्याभाऊ. वादळानंतर तेच जास्त असतं.

कटरवाला_बंड्या
आडव्या पडलेल्या झाडाची फांदी धनुष्यासारखी ताणलेली असते. आधी दाबलेल्या बाजूने थोडा काप, मग ताणलेल्या बाजूने सावकाश. उलटं केलं तर बार चिमटतो नाहीतर फांदी फटकन अंगावर येते. आणि तिच्या सुटण्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. कळत नसेल तर हात लावू नका, आम्हाला बोलवा. धंद्याची जाहिरात नाही ही.

बोटीवरचा
मी वर्षातले बरेच महिने जहाजावर, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा आहे. मशीन किती चालते यापेक्षा किती काळ पडून राहते ते बघा. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडच्या हवेत जून ते सप्टेंबर दुसरं असतं काय? टाकीत पेट्रोल-ऑइलचं मिश्रण ठेवून मशीन माळ्यावर टाकली की पाणी खाली बसतं, कार्बोरेटरचा पडदा कडक होतो, आणि गणपतीत दोरी ओढून ओढून खांदा निखळतो. मधली असो वा महाग, यातून कोणीच सुटत नाही.

मॅन्युअलमध्ये किती टक्के इथेनॉल चालतं ते आधी वाचा. चांगलं टू-टी ऑइल १:५०, म्हणजे लिटरला २० मिली. लागेल तेवढंच मिसळा. ठेवायच्या आधी टाकी रिकामी करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. चेनला गाडीचं जळकं ऑइल घालणारे महाभाग आमच्या गावात आहेत. पंप चोंदतो, आणि ते सगळं काळं पाणी बागेतच पडतं.

यंत्रवेडा
@बोटीवरचा, म्हणूनच विचारणार होतो. बॅटरीवालीचा विचार कोणीच का करत नाही? छाटणीला उत्तम. आवाज नाही, मिश्रण नाही.

केळशीकरीण
यंत्रवेडादादा, वादळानंतर लाईट यायला किती दिवस लागले ते विचारू नका. बॅटरी काय कंदिलावर चार्ज करू?

यंत्रवेडा
मान्य. पण छाटणीला तरी.

आगरातला
मंडळी, एवढं वाचून पुन्हा दुकानात गेलो. या वेळी मशीनकडे न बघता मेकॅनिककडे गेलो. मधलीचे प्लग, फिल्टर, स्टार्टरची दोरी, क्लच, कार्बोरेटरचा किट सगळं त्याच्या कपाटात. वरचीला कार्बोरेटर इलेक्ट्रॉनिक आहे. स्क्रूड्रायव्हरने काही करायचं नाही, संगणक जोडून बघावं लागतं, आणि ती सोय त्याच्याकडे नाही, मशीन बाहेर पाठवावी लागेल. किती दिवसांत परत येईल विचारलं तर हसला.

माझं काम म्हणजे छाटणीचा थोडा काळ आणि पावसातली पडझड. मधलीच घेतोय. वरच्या पैशात चॅप्स, हेल्मेट, दोन जादा चेनी आणि योग्य मापाची कानस. उभा माड उतरवायचा किंवा घरावर झुकलेलं झाड असेल तर बंड्याभाऊंसारख्याला बोलावणार.

यंत्रवेडा
मेकॅनिकचा मुद्दा मी धरला नव्हता, तो बिनतोड आहे. तरी माझं मत राहतंच: रोज चालवणाऱ्याने मधली घेऊन पैसे वाचवू नयेत. बंड्याभाऊ स्वतः कुठली चालवतात बघा.

कटरवाला_बंड्या
मी रोज चालवतो, म्हणून. दादा रोज चालवणार नाहीत. भांडण आहेच कुठे?

देवगडचो_झील
म्हंजे शेवटी कटरवाल्याकच बोलवचा. माझो पयलोच प्रतिसाद बरोबर.

आगरातला
झीलभाऊ, तुमच्यासाठी एक फणस राखून ठेवतो. शेवटचा प्रश्न: दुकानदार १८ इंची बार लावून देतो म्हणतोय, कलमांचे बुंधे जाड आहेत म्हणून. घेऊ?

कटरवाला_बंड्या
१६ इंचीच घ्या. जाड बुंधा दोन्ही बाजूंनी कापता येतो. ४५ सीसीला १८ इंची ओढायला लावली की मशीन दमते, टोकाला तेल कमी पोचतं, आणि अडचणीच्या जागेत ते टोक कुठे टेकलं ते दिसत नाही. १८ इंचीवाली बहुतेक त्याच्या दुकानात पडून असेल.